फ्रिज रात्री तीनला बंद पडतो, मग मोठा इन्व्हर्टर घेऊ का?

पत्र: आम्ही तिघं, मी, मिस्टर आणि सासूबाई, वर्षातले तीन-चार महिने मोटारहोममध्येच असतो. गाडीत १०० एएचच्या दोन लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत, त्यांना चार वर्षं झाली, छपरावर २०० वॅटचं सोलर आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर आहे. हल्ली रोज रात्री तीनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो, आणि पॅनलवर बघावं तर १२.१ व्होल्ट दिसतात. फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन असतं त्यामुळे मी रात्री दोन-दोनदा उठते. मिस्टरांना ३००० वॅटचा इन्व्हर्टर टाकायचाय म्हणजे इंडक्शन आणि एसी दोन्ही चालेल, आणि मेकॅनिक म्हणतो जुन्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीला एक नवी लिथियम लावून टाका. नक्की आधी काय करू? (झोप उडालेली)

उत्तर:

ताई, आधी इन्सुलिनचं बोलू, बाकी सगळं त्याच्यानंतर. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वापरायचं नसतं, म्हणून रात्री फ्रिज बंद पडणारच आहे तर संध्याकाळीच फुल थंडवर करून ठेवू असं मनात आलं असेल तर ते करू नका, मागच्या बाजूला ते गोठू शकतं. एक साधा डिजिटल थर्मामीटर, ज्याची वायर आत आणि डिस्प्ले बाहेर राहतो असला, इन्सुलिनच्या डब्याशेजारी लावा, तो सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवतो त्यामुळे उठायची गरज नाही, सकाळी बघितलं की रात्रभर काय झालं ते कळतं. वापरात असलेलं पेन बऱ्याचदा काही दिवस बाहेरही चालतं पण किती दिवस आणि किती गरमीत ते त्याच्यासोबतच्या कागदावर असतं, ते वाचा आणि केमिस्टला विचारून घ्या.

आता लाइटचं. इन्व्हर्टरही घेऊ नका आणि ती तिसरी बॅटरीही लावू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी मला लगेच खटकली, फ्रिज बंद आणि पॅनलवर १२.१. लेड अ‍ॅसिड बॅटरी १२.१ वर म्हणजे निम्म्याच्या थोडी खाली आलेली असते, पण पूर्ण उतरलेली नसते, आणि गाडीतला कॉम्प्रेसरवाला फ्रिज स्वतःहून बंद होतो तो साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं पुढेमागे. मग फ्रिजला साडेदहा कुठून दिसले? कारण तुमचं पॅनल बॅटरीजवळचं व्होल्टेज दाखवतंय आणि फ्रिज त्याच्या स्वतःच्या टोकाला मिळणारं व्होल्टेज बघतोय, आणि मधल्या वायरमध्ये काहीतरी हरवतंय. शिवाय फ्रिज बंद झाला की लोड जातो आणि बॅटरीचं व्होल्टेज परत वर येतं, म्हणजे तुम्ही उठून पॅनल बघेपर्यंत गुन्हेगार पळून गेलेला असतो.

हे आकड्यात सांगते म्हणजे पटेल. समजा फ्रिजपर्यंतची वायर १.५ स्क्वेअर एमएमची आहे, गाडीत हीच सर्रास घातलेली असते, आणि बॅटरीपासून फ्रिजपर्यंत वळणावळणाने ६ मीटर अंतर आहे. करंट जातो आणि परत येतो म्हणून १२ मीटर धरायचे. तांब्याच्या एवढ्या वायरचा रेझिस्टन्स होतो ०.१४ ओहम. फ्रिज नुसता चालू असताना साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे ०.६३ व्होल्ट वायरीतच गेले. पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी तो १० अँपिअर किंवा जास्तही ओढतो, तेव्हा १.४ व्होल्ट गेले. रात्री तीनला चार वर्षांची थकलेली बॅटरी त्या झटक्याने १२.१ वरून ११.८ ला येते, त्यातून १.४ वजा करा, उरले १०.४. फ्रिज म्हणतो बॅटरी संपली आणि बंद होतो. तीच वायर ६ स्क्वेअर एमएमची असती तर त्याच झटक्याला फक्त ०.३५ व्होल्ट गेले असते आणि फ्रिज चालू राहिला असता.

त्यामुळे पहिलं काम असं करा. मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. फ्रिज मागून उघडा म्हणजे जिथे १२ व्होल्टच्या दोन वायरी कॉम्प्रेसरच्या इलेक्ट्रॉनिक डबीला लागतात ती जागा दिसेल, मीटरची टोकं तिथेच लावा, मिस्टरांना बॅटरीपाशी दुसरा मीटर घेऊन बसवा, आणि थर्मोस्टॅट फिरवून कॉम्प्रेसर सुरू करा. सुरू होतानाच दोघांनी एकदम आकडा वाचायचा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर नवी जाड वायर थेट फ्यूजबॉक्सपासून फ्रिजपर्यंत ओढायची, ६ स्क्वेअर एमएम, मध्ये कुठेही जोड न देता, आणि सुरुवातीलाच १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज होल्डर पण बघा हं, त्यातली पत्ती काळी पडलेली किंवा सैल असेल तर नवी वायर घालूनही तेच होणार. आणि ज्या वायरीवर फ्रिज आहे त्याच वायरीवर पाण्याचा पंप किंवा दुसरं काही जोडलेलं असेल तर ते वेगळं काढा, बऱ्याच गाड्यांत नंतर काहीतरी लावताना जवळ जी वायर दिसली तिला चिकटवून दिलेलं असतं.

हे करून तुमचा रात्रीचा प्रॉब्लेम सुटेलही कदाचित, पण मला वाटतं अर्धाच सुटेल. कारण तुमच्या गाडीचा रोजचा जमाखर्चच बसत नाहीये.

हा हिशेब एकदा कागदावर मांडायचा, तुम्हा दोघांनी बसून, रागावायचं नाही. प्रत्येक वस्तू किती वॅट आणि दिवसात किती तास. तुम्ही लिहिलेल्या आणि सहसा असतातच अशा वस्तू धरून मी अंदाज केला. फ्रिज ४५ वॅट, पण तो निम्माच वेळ चालतो म्हणून १२ तास, ५४० वॅट-तास. एलईडी दिवे सगळे मिळून ९०. पंप दिवसात जेमतेम वीस मिनिटं चालतो, २०. छपरावरचा पंखा २५ वॅट आठ तास, २००. वायफायचा राउटर बिचारा १० वॅटचाच पण चोवीस तास, म्हणजे २४०, जो आकडा कुणाच्याच डोक्यात नसतो. लॅपटॉप २४०, मोबाइल सगळे मिळून ६०. आणि आता बघा, इन्व्हर्टर. त्याला काहीही लावलेलं नसताना नुसता ऑन ठेवला तरी १००० वॅटवाला साधारण १२ वॅट खातो, चोवीस तासांचे झाले २८८. कंट्रोल पॅनल, गॅस अलार्म वगैरे ७२. बेरीज १७५० वॅट-तास.

आता जमेची बाजू. १०० एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २४०० वॅट-तास, पण लेड अ‍ॅसिड निम्म्यापेक्षा खाली नेली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं म्हणून वापरायचे १२००. तेही बॅटरी नवी असताना. चार वर्षांनंतर, त्यातही रोज रात्री खोलवर उतरत असताना, ८०० मिळाले तरी खूप. आणि सोलर २०० वॅटचं आहे म्हणून २०० मिळत नाहीत, छपरावर सपाट झोपवलेलं पॅनल, गरम झालेलं, त्यावर धूळ, साधारण सत्तर टक्के धरा, चांगल्या उन्हाचे साडेचार तास धरा, ६३० वॅट-तास आले. खर्च १७५० आणि आवक ६३०. जास्तीचे अकराशे रोज त्या म्हाताऱ्या बॅटरीतून जातायत, आणि रात्री तीनला ती हात टेकते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मिस्टरांना हेच सांगा, ३००० वॅटचा इन्व्हर्टर म्हणजे मोठा पोहरा, त्याने आडातलं पाणी वाढत नाही, उलट मोठा इन्व्हर्टर रिकामा बसून २५ वॅटसुद्धा खाऊ शकतो, म्हणजे दिवसाचे ६००, तुमचा फ्रिज दिवसभरात खातो त्यापेक्षा जास्त.

माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे मोजून घ्या. सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे शंटवाला बॅटरी मॉनिटर. बॅटरीच्या निगेटिव्हवर एक जाड पितळी तुकडा बसतो आणि त्यातून गेलेला आलेला प्रत्येक अँपिअर तो मोजतो. एकच पथ्य, गाडीतली प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडच्या बाजूला लागली पाहिजे, एकजरी थेट बॅटरीला राहिली तर तेवढं मोजलंच जात नाही आणि आकडे खोटे येतात. पुढे लिथियम घेणारच असाल तर हा लागणारच आहे कारण लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ऐंशी टक्के भरलेली काय आणि चाळीस टक्के काय, १३.१-१३.२ च्या आसपासच दिसते, नुसत्या व्होल्टमीटरवरून काही कळत नाही. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) आणणार असाल तर डीसी करंट मोजणारा आहे ना ते बघून घ्या, स्वस्तातले बरेच फक्त एसी करंट मोजतात.

मॉनिटर बसला की एका रात्री सगळं बंद करून बघा किती अँपिअर जातायत. शून्य नसतात कधीच. मग एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कुठे खाली येतो ते बघा. टीव्हीच्या अँटेनाचा अ‍ॅम्प्लिफायर, निळ्या दिव्याचे यूएसबी सॉकेट, स्टँडबायवरचा टीव्ही, पायरीचा दिवा असल्या गोष्टी सापडतात. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र बंद करायचा नाही, कितीही खात असला तरी. तो वीज वाचवायच्या यादीत येतच नाही.

काही न विकत घेता होणारी बचत पण आहे आणि ती आजपासून करा. इन्व्हर्टर काम झालं की बंद. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चार्ज करायचा म्हणजे १२ चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत २० करायचे, दोन्ही वेळा थोडं थोडं जातं, त्यापेक्षा गाडीचा १२ व्होल्टचा टाइप-सी चार्जर घ्या, थेट बॅटरीवरून. राउटर झोपताना बंद. एवढ्यानेच १७५० चे १३८० होतात, आणि झोपताना इन्व्हर्टर-राउटर दोन्ही बंद म्हणजे रात्रीच्या आठ तासांतले पावणेदोनशे वॅट-तास वाचले, जेव्हा खरी नड असते तेव्हाचेच.

आता मेकॅनिकच्या सल्ल्याबद्दल. जुन्या लेड अ‍ॅसिडच्या जोडीला नवी लिथियम समांतर लावू नका. लिथियम शांत बसलेली असते तेव्हा १३.२-१३.३ वर असते आणि पूर्ण भरलेली लेड अ‍ॅसिड १२.७ वर, मग दोन्ही एकत्र बांधल्या की लिथियम सतत म्हातारीला पाणी पाजत बसते, ती आतून गळत असली तर रात्रंदिवस. दोघींना चार्ज करायची पद्धतही वेगळी. असं जोडून चालवणारे लोक आहेत पण ते मुद्दाम डिझाइन करून, दोन्हींच्या सेटिंगचा विचार करून करतात, चार वर्षं पिळून काढलेल्या बॅटऱ्यांवर कुणी करत नाही. लेड अ‍ॅसिडमध्येसुद्धा जुनी आणि नवी एकत्र लावली की नवी जुनीच्या पातळीला येते.

दोन्ही जुन्या काढा आणि लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे ज्याला एलएफपी म्हणतात त्या, १०० एएचच्या दोन घ्या. १२.८ व्होल्टच्या असतात म्हणून २५६० वॅट-तास झाले, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे आता मिळतात त्याच्या अडीचपट, आणि वजन कमी होतं, १०० एएचची लेड अ‍ॅसिड २७ ते ३० किलोची असते आणि लिथियम ११ ते १३ ची, दोन मिळून तीसेक किलो वाचले, तीन माणसांचं सामान असलेल्या गाडीत ते कमी नाही. घेताना दोन गोष्टी विचारा. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, सतत किती अँपिअर देऊ शकतो, आणि शून्य अंशाच्या खाली चार्जिंग आपोआप तोडतो का. गोठणाऱ्या थंडीत एलएफपी बॅटरीतून वीज काढलेली चालते पण भरलेली चालत नाही, आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते, म्हणून डोंगरात थंडीत जाणार असाल तर बॅटरी गाडीच्या आतल्या भागात ठेवा किंवा हीटरवाली घ्या. दोन बॅटऱ्या जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, तिरकं, म्हणजे दोघी सारख्या वापरल्या जातात, नाहीतर पहिलीच राबते.

बॅटरी बदलली आणि चार्जिंगचं काही बघितलं नाही तर मात्र अडचण. इंजिन चालू असताना हल्ली तुमच्या बॅटऱ्या एका रिलेवरून, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या स्विचवरून, चार्ज होत असणार. लिथियम भुकेली असते, जेवढं द्याल तेवढं घेते, आणि अल्टरनेटर बिचारा पूर्ण ताकदीने देत राहतो, त्यात गाडी उभी राहून आयडलवर असेल तर त्याचा पंखा हळू फिरत असतो, तापतो आणि जळूही शकतो. नवीन गाड्यांत उलटा प्रकार, इंधन वाचवायला स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवतो त्यामुळे राहायच्या भागातली बॅटरी पूर्ण भरतच नाही. दोन्हींवर उपाय एकच, रिले काढून मध्ये डीसी टू डीसी चार्जर, ३० अँपिअरचा. तो ठरलेलंच घेतो आणि बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो, एक तास गाडी चालवली की साधारण ३९० वॅट-तास आत. सोलरचा कंट्रोलर आणि बाहेरच्या कनेक्शनवरचा चार्जर यांचं सेटिंगही लिथियमवर करा, १४.२ ते १४.४ पर्यंत भरणारं, आणि इक्वलायझेशन नावाचं काही असेल तर बंद. जुना चार्जर सेटिंग बदलू देत नसेल तर तो बदलावा लागेल, हा खर्च लोक विसरतात.

सोलर ४०० वॅट करा, जागा असेल तर. त्याच हिशेबाने १२६० वॅट-तास येतील, आणि बचतीनंतरचा खर्च १३८०. अगदी टेकलं, आणि मधला थोडा फरक दोन लिथियम आरामात सांभाळतात. पॅनल बसवताना सावली बघा, छपरावरच्या एसीच्या खोक्याची, व्हेंटच्या झाकणाची, अँटेनाची. सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली पडली की त्याचा फटका सगळ्या साखळीला बसू शकतो, सावली टळणारच नसेल तर समांतर जोडा, करंट वाढतो म्हणून वायर जाड लागते एवढंच. एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या आणि सिरीज करणार असाल तर त्याची व्होल्टेजची मर्यादा भरपूर मोकळी ठेवा कारण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, २२ व्होल्टची दोन पॅनल म्हणजे ४४ झाले, ५० वाला पुरेल असं वाटतं, आणि एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी तो उडू शकतो.

आणि आता मिस्टरांचा इन्व्हर्टर. त्यांची इच्छा चुकीची नाही, फक्त तिचा नंबर शेवटचा आहे. इंडक्शन १८०० वर वीस मिनिटं म्हणजे ६०० वॅट-तास, इन्व्हर्टरची घट धरून पावणेसातशे. दिवसात तीनदा केलं तर दोन हजार, म्हणजे तुमच्या बाकी सगळ्या गाडीपेक्षा जास्त. रोजचा स्वयंपाक गॅसवरच ठेवा. इंडक्शन ठेवा ते बाहेरचं कनेक्शन मिळेल त्या दिवशी, किंवा भर उन्हात दुपारी बॅटरी भरलेली असताना १२०० वर. एवढ्यासाठी २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर पुरतो. एसी मात्र बॅटरीवर विसरा. १४०० वॅटचा एसी रात्री आठ तास, मध्ये थांबत थांबत चालला तरी साडेसहा हजार वॅट-तास खातो, तुमच्या दोन नव्या लिथियम अडीच-पावणेतीन तासांतच रिकाम्या. मायक्रोवेव्ह असेल तर एक लक्षात ठेवा, त्यावर लिहिलेले ८०० वॅट पदार्थाला मिळणारे असतात, तो घेतो बाराशेच्या आसपास.

२००० वॅट हा आकडा ऐकायला साधा वाटतो पण १२ व्होल्टवर तो १६७ अँपिअर होतो, आणि इन्व्हर्टरची घट धरली की १८५. इथे मला तुमची खरी काळजी वाटते. माझ्या स्वतःच्या गाडीत एका वर्कशॉपने इन्व्हर्टर बसवून दिला होता, सगळं नीट दिसत होतं, तीन आठवड्यांनी सीटखालून गरम प्लास्टिकसारखा वास यायला लागला. झाकण काढलं तर पॉझिटिव्हच्या लगवरचं, म्हणजे केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवरचं, लाल रबर तपकिरी पडून आक्रसलं होतं, हात जवळ नेला तर धग लागत होती, आणि पाना लावला तर नट बोटाने फिरेल एवढा सैल. तिथे वॉशर चुकीच्या जागी होता, लग आणि बॅटरीच्या मधोमध. एवढ्याशा सैल जोडाचा रेझिस्टन्स जरी ओहमचा हजारावा भाग धरला तरी १८० अँपिअरला तिथे ३२ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न चालू करून बॅटरीवर ठेवल्यासारखं, आणि त्याच सीटवर माणूस झोपलेला. त्या दिवसापासून मी आधी जोड बघते मग मशीन बघते.

म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी, दीड मीटरच्या आत, ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ केबल, मॅन्युअलमध्ये जाड सांगितली असेल तर ती. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबायचे, हातोडीने नाही, पक्कडने नाही, वर हीट श्रिंक (गरम केली की आक्रसून बसणारी नळी), आणि लग थेट धातूवर, वॉशर त्याच्या वर. २५ स्क्वेअर एमएमची केबल चार मीटर लांब नेली तर एक व्होल्ट वाटेतच जातो, आणि मग भरलेल्या बॅटरीवर इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून ओरडतो, तुमच्या फ्रिजचीच गोष्ट मोठ्या आवाजात. एका महिन्याने सगळे नट परत तपासायचे, लोड चालू ठेवून दहा मिनिटांनी प्रत्येक जोडापाशी हात न्यायचा, गरम लागला की थांबायचं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज मशीन वाचवायला नसतो, केबल वाचवायला असतो, म्हणून तो केबलच्या मर्यादेत बसणारा, तुमच्या केबलला २५० चा ठीक. लिथियम शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर सोडते, आणि साधा फ्यूज तुटताना आत आर्क पेटून तसाच चालू राहू शकतो, म्हणून इथे क्लास टी फ्यूज घाला, तो २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. महाग असतो तरी घाला. आणि आधी विचारलेला बीएमएसचा आकडा इथे कामाला येतो, प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर देणारी असेल तर दोन मिळून २००, तुमचे १८५ त्यात बसतात पण काठावर. ३००० वॅटला २७५ च्या वर लागतात, तुमच्या दोन बॅटऱ्या ते देऊच शकत नाहीत, बीएमएस तोडून मोकळा होणार. ३००० च हवा असेल तर मग सगळी सिस्टीमच २४ व्होल्टची करावी, तो वेगळा मोठा उद्योग आहे आणि तुम्हाला त्याची गरज मला दिसत नाही.

२३० व्होल्टच्या बाजूचं काम घरी करू नका, जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करा. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ इन्व्हर्टरमध्ये जोडलेले हवेत, बाहेरच्या कनेक्शनवर आलात की तो जोड सुटला पाहिजे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दोन्ही वेळा काम करायला हवा. इन्व्हर्टरमधून वायर काढून गाडीच्या बाहेरच्या सॉकेटला खुपसण्याचा जुगाड काही लोक करतात, त्याने चार्जर इन्व्हर्टरवर चालतो आणि इन्व्हर्टर बॅटरीवर, बॅटरी स्वतःलाच खात बसते, आणि उघड्या पिनांचा धोका वेगळाच.

वारंवार कॅम्पसाइटवर थांबत असाल तर नुसत्या इन्व्हर्टरऐवजी इन्व्हर्टर-चार्जर एकत्र असलेलं मशीन बघा, ज्यात बाहेरून किती अँपिअर घ्यायचे ते ठरवता येतं. बऱ्याच साइट ६ अँपिअरच देतात, २३० व्होल्टला ते १३८० वॅट होतात, इंडक्शन आणि गीझर एकदम लावला की ब्रेकर पडलाच. असलं मशीन बाहेरून ६ च घेतं, वरचे बॅटरीतून घालतं आणि लोड कमी झाला की बॅटरी परत भरतं. मिस्टरांना मोठा इन्व्हर्टर हवाय त्यामागची जी खरी गरज आहे ती मला वाटतं यानेच भागेल.

सगळं एकदम करायची घाई नाही. फ्रिजची वायर या आठवड्यात. मॉनिटर लगेच त्यामागे, आणि दहा-बारा दिवस नुसते आकडे लिहा. मग बॅटऱ्या आणि डीसी टू डीसी एकत्र, एक लावून दुसरं राहिलं असं करू नका. मग सोलर. इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी, तोपर्यंत मिस्टरांचं मतही कदाचित बदललेलं असेल, आणि नसेल बदललं तरी केबल-फ्यूजची जागा मात्र आत्ताच २००० वॅट धरून आखून ठेवा म्हणजे परत फळ्या उचकटायला नकोत.

आज रात्री एवढंच करा, झोपताना इन्व्हर्टर आणि राउटर बंद, इन्सुलिनशेजारी थर्मामीटर, आणि उद्या दिवसा त्या दोन मीटरवरचे दोन आकडे, फ्रिजपाशी किती आणि बॅटरीपाशी किती, कॉम्प्रेसर सुरू होतानाचे. ते मला लिहून पाठवा, वायर किती लांब आहे आणि तिच्यावर किती स्क्वेअर एमएम छापलंय तेही, मग पुढचं सांगते.